अनवाणी नवरात्र

सदाशिव पेठ, पुणे

बाबा, वाकून नमस्कार.

माझी खोली हवेशीर आहे. डबाही बरा आहे. वरणात साखर असते एवढंच.

काल फिजिओथेरपीच्या वर्गात सरांनी शिकवलं, की तळपायाला काही बोचलं तर नसा ती खबर मज्जारज्जूकडे नेतात आणि मेंदूला दुखणं कळायच्या आत पाय उचलला जातो. मी कौतुकाने तुमची गोष्ट सांगितली. गेल्या नवरात्रात अनवाणी फिरताना तुमच्या टाचेत काच घुसली, फरशीवरचं रक्त आईने पाहिलं आणि तुम्हाला पत्ताच नव्हता. आपण सगळे म्हणालो, देवीची कृपा.

सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वडिलांची शुगर तपासली आहे का?"

शुगर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. घाबरू नका. पण तोंड धुताना डोळे मिटले की तुमचा तोल जातो का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? उद्याच शुगर तपासा. आईला रोज तळपाय बघू द्या, त्यात लाजायचं काय?

घट बसायला आठच दिवस उरलेत. यंदा चप्पल घाला, बाबा. तुमचा अनवाणी चालायचा नेम मी पाळते. माझ्या पायांना अजून खडा टोचतो.

तुमची
तनया