पावणेपाचचा मिस्ड कॉल

४ जून

ही गेल्यावर अठरा दिवसांनी कामावर रुजू झालो. कोणी फार बोललं नाही. बरं वाटलं. शिपायाने न मागता चहा ठेवला आणि पंखा माझ्याकडे वळवला.

टेबलावर रोजगार योजनेचे कागद साठले होते. वरचाच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून आलेला. आपण तिथे लावलेला माणूस – सात वर्षं तुरुंगात काढलेला – मागच्या महिन्यात तीन दिवस कामाच्या वेळी जागेवर नव्हता. तिसऱ्या दिवशी महिला वॉर्डात धुतलेली चादर घेऊन फिरताना सापडला. काढून टाकायला आपली संमती द्यावी.

माझा नियम आहे, आधी माणसाला बोलावून विचारायचं. बावीस वर्षं पाळला. आज कोणाचंच काही ऐकून घ्यायची ताकद नव्हती. सही केली.

५ जून

भाजी खारट झाली. खाल्ली.

६ जून

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात तिच्या अंगावर दोन चादरी होत्या. बाकी सगळ्यांना एकेक. तिला नेहमीच थंडी वाजायची. नर्सने दिली असणार. आभार मानायचे राहिले.

८ जून

वरून परिपत्रक आलं. राष्ट्रीय रोजगार धोरण बदललं. आतापर्यंत माणूस नव्वद दिवस टिकला की नोकरी पक्की धरायचो आणि फाईल बंद. आता वर्षभर पाठपुरावा करायचा.

सोबत एक तक्ता. अपंग, तुरुंगातून सुटलेले, नवऱ्याने टाकलेल्या बायका – यांच्यातले वर्षानंतरही कामावर असलेले किती? बाकीच्या कार्यालयांत शंभरात तीसेक. आमच्याकडे एकाहत्तर! मोठे साहेब खुशीत. म्हणाले, काय जादू केलीत ती दोन पानांत लिहून द्या, सगळीकडे पाठवायची आहे.

मी काय केलं? नव्वदाव्या दिवशी फाईल बांधली. दोरी घट्ट बांधतो, एवढंच.

११ जून

मुलगी आली. आईचा फोन चालू करा म्हणाली, काही जणांना अजून कळवायचं आहे. भरती केलं त्या संध्याकाळी, चौदा मेला, मीच तो बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

चालू केला तर वाजतच राहिला. चौसष्ट मिस्ड कॉल. आणि नावं कसली – ‘लिफ्टवाला’, ‘शिवण, पायाने अधू’, ‘पार्किंगचे काका’, ‘पावणेपाच’. एकेक वाचत गेलो तसं लक्षात आलं. ही सगळी माझी माणसं. माझ्या बंद झालेल्या फाइली.

जेवताना मी ऑफिसचं बोलायचो. ती ताटाकडे बघत ऐकायची. मला वाटायचं, ऐकत नाही.

तेवढ्यात शिवणवालीचा फोन आला. मी कोण ते सांगितलं, काय झालं तेही सांगितलं. ती रडली, मग बोलत राहिली. कारखान्यात सुपरवायझरने पायावरून टोमणा मारला की ती कात्री टाकून निघायची. ताईंना फोन लावायची. ताईंचं ठरलेलं उत्तर – "राग आलाय ना? मग नोकरी उद्या सोड. आज नको." असं करत अडीच वर्षं झाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी चार्जर शोधायला आत गेलो.

१२ जून

‘पावणेपाच’चा नंबर फाइलींशी ताडून पाहिला. धुलाईखान्यातला तो माणूस.

त्याची पाळी साडेपाचची. रोज पहाटे पावणेपाचला हिचा एक मिस्ड कॉल. मिनिटाभरात त्याचा परत एक, म्हणजे उठलो. वर्षभर, एकही दिवस चुकलेला नाही. शेवटचा चौदा मेचा.

म्हणजे ती त्याला उठवायची. मी फोन बंद केला, त्याला जाग आली नाही, तीन दिवस चुकले. आणि वर मीच सही केली.

मला हे ऐकू कसं आलं नाही? माझ्या घोरण्यामुळे ती दोन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपायची. "तुमच्या इंजिनाशेजारी कोण झोपणार!" म्हणायची. मीही हसायचो.

१३ जून

धुलाईखान्यात गेलो. वाफेने चष्मा धुरकटला. मुकादम चादरींच्या घड्या मोजत होता, थांबला नाही. म्हटलं, त्या माणसाला परत घ्या, चूक माझ्याकडून झाली आहे. तो म्हणाला, जागा दुसऱ्याच दिवशी भरली. शिवाय चादर घेऊन बायकांच्या वॉर्डात कशाला गेला होता, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आधीच तुरुंगातला माणूस.

"आणि सही तुमचीच आहे की, साहेब."

१५ जून

दोन पानं लिहून दिली. जे घडलं ते सरळ लिहिलं. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचलं. माणूस वाईट नाही. चष्मा काढून म्हणाले, "वहिनींचं मी समजू शकतो हो. पण वर पाठवताना त्यांचं पद कोणतं लिहू?"

तो भाग काढला. उरलेलं एका पानात बसलं.

१७ जून

फाईलमधला त्याचा पत्ता जुना निघाला. शिवणवालीने नवा शोधून दिला. ही माणसं एकमेकांना ओळखतात, तेही मला माहीत नव्हतं. उद्या जाणार. संमती मागे घेत असल्याचं पत्र तयार केलंय. उपयोग होईल असं वाटत नाही.

१८ जून

टायरच्या दुकानामागे एका खोलीत राहतो. मला बघून उठून उभा राहिला. मी म्हटलं, फोन मी बंद केला म्हणून तुम्हाला जाग आली नाही, दोष माझा आहे.

त्याने बसायला स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाला, "साहेब, तुरुंगात सात वर्षं चारच्या घंटेला उठलोय. मला कोणी उठवायला लागत नाही. ताईंची हाडं रात्रभर ठणकायची. तुम्हाला कळू नये म्हणून बाहेर येऊन बसायच्या. मीच म्हटलं, मला जाग येत नाही, तुम्ही उठवत जा. तेवढीच त्यांना सकाळची वाट बघायला सोबत."

पंधराला फोन आला नाही, तेव्हाच त्याने ओळखलं, ताईंना त्याच्याच हॉस्पिटलात आणलं असणार. तीन दिवस वॉर्डावॉर्डात शोधत होता. सतराला सापडली. थंडी वाजते म्हणाली. त्याने चादर आणून दिली आणि आणखी एक आणायला गेला, ती घेऊन येताना पकडला गेला.

मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि निघालो. अर्ध्या रस्त्यात आलो तेव्हा आठवलं – चादरीचे आभार मानायचे राहिलेच.