आबांची तेलुगू

१२ मार्च २०१३
आबांना घरी आणलं. माझे आजोबा, वय एक्याण्णव. लकव्यानं उजवी बाजू गेली. बीडच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. जीव वाचला — मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, ज्यांना लई भाषा येतात त्यांचं होतं असं कधी कधी. एक जाते, दुसरी राहते. आता आबा बोलतात ते कुणालाच कळत नाही, आणि आमचं त्यांना.
दादा, माझे वडील, म्हणाले, "तेलुगू असंल. फौजेत असताना सिकंदराबादला होते नऊ वर्षं. पण म्या माझ्या बापाला कधी बोलताना ऐकलं न्हाई."

१३ मार्च
पाण्याचा टँकर आला नाही.

१५ मार्च
एकच वाक्य. आजी खोलीत आली की लगेच — "अन्नं तिन्नावा?"
अन्न एवढं कळलं. भाकरी दुधात कुस्करून दिली. भात दिला. शिरा केला. तोंड फिरवतात. आजी बाहेर गेली की गप्प, आत आली की पुन्हा तेच. आज डाव्या हातानं ताट ढकललं. आजी चुलीपाशी जाऊन रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१७ मार्च
आबांनी सांगितलेलं सगळं माझ्याच डोक्यात आहे. लिहून ठेवते, नाहीतर तेही जाईल.
शाळा निजामाची, म्हणून उर्दू. सही अजून उर्दूतच. एकोणिसाव्या वर्षी घरात न सांगता फौजेत गेले. गुरं सांभाळायची सवय, म्हणून खेचरांच्या पलटणीत घातलं. तिथला हवालदार पंजाबी, त्याच्याकडून पंजाबी — शिव्यांसकट. मग इटली. रात्रंदिवस डोंगरावर दारूगोळा चढवायचा. खेचर दरीत कोसळलं की आबा खाली उतरून त्याचे डोळे मिटवून यायचे.
तिथल्या एका गावात त्यांनी पाहिलं — पन्नास घरांचं दूध एका खोलीत जमा होतं, चीज एकत्र करतात, पैसे वाटून घेतात. लढाई चालू आणि हे लोक दूध मोजतायत. आबा म्हणायचे, "मला तिथं मेडल मिळालं, ते इसरलो. ती खोली न्हाई इसरलो."
बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी सात घरं जमवून गावात दूध सोसायटी काढली. तिथंच आज मी दुधाचं फॅट बघते. पहिल्या सभेत ते म्हणाले होते, इटलीत दुधाला 'लात्ते' म्हणतात. आजी मागून म्हणाली, "आमच्या म्हशी बी तेच देत्यात." आबा हे चाळीस वर्षं सांगत आले आणि दर वेळी स्वतःच आधी हसले.

२० मार्च
कळलं.
चारा छावणीवर दूध आणायला गेले होते. रस्त्याच्या कडेला वडारवस्तीतली छबुबाई खडी फोडत होती. तिनं नातीला हाक मारली, बोलली — त्यात "तिन्नावा" आलं. मी गाडी तिथंच टाकली. विचारलं. ती म्हणाली, "जेवलीस का, म्हनलं. आमची बोली तेलुगूच्या जवळची हाय. कावून?"
तिला तशीच घरी आणली. ती उंबऱ्याबाहेर थांबली. वडारणीनं आमच्या घरात पाय ठेवल्याचं मला आठवत नाही. पाणीसुद्धा अंगणात, वरून ओतायचं. आबा आतून म्हणाले, "अन्नं तिन्नावा?"
छबुबाईनं आजीकडं बघितलं. "ते जेवाय मागत न्हाईत, माय. तुमाला इचारत्यात. तुमी जेवल्या का?"
आजी उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "त्रेसष्ट वर्षं झाली लग्नाला. मराठीत एकदा बी इचारलं न्हाई."
मग तिनं छबुबाईचा हात धरून तिला आत घेतलं. खाटेपाशी बसवलं.

२१ मार्च
आजी 'तिन्नानु' शिकली. म्हणजे जेवले. आबा ऐकून घेतात आणि मगच जेवतात. आठ दिवस आम्ही त्यांच्याच तोंडात घास कोंबत होतो.

४ एप्रिल
छबुबाई रोज दुपारी येते. आजी तिच्याबरोबर चहा पिते — कप वेगळा नाही. शेजारची एक बाई बोललीच. आजीनं तिला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याची मराठी जाऊ दे, मग ये."

११ एप्रिल
सोसायटीचे चेअरमन बबनराव आले. नऊशे लिटरवरून दूध साठवर आलंय. निम्मी जनावरं बाजारात गेली, उरलेली छावणीत. म्हणाले, "सुभेदार, पाऊस पडेपत्तर केंद्र बंद ठिवू. तुमी काढलेली सोसायटी, म्हनून इचारतो."
मी मान खाली घातली. माझी नोकरी तीच. पण खरं तर नोकरीचं मनात नव्हतं, आबांना हे ऐकावं लागतंय त्याचं होतं.
छबुबाईनं तिच्या बोलीत सांगितलं. आबा म्हणाले, "वद्दु." पुन्हा म्हणाले. मग बरंच काही, थांबत थांबत, घाम येईस्तोवर.
"नको म्हनत्यात," छबुबाई म्हणाली. "म्हनत्यात, येकदा दार लावलं की मानूस घरीच चहाला दूध ठिवतो. पुन्ना आनीत न्हाई. येक येळ चालू ठिवा. धा लिटर आलं तरी मोजा."
बबनराव उठले. जाताना मला म्हणाले, "सकाळची पाळी चालू ठिव, तुळजा. संध्याकाळची बंद."

१२ एप्रिल
बावन्न लिटर. मोजलं.

२६ एप्रिल
आज आबा उर्दूत काहीतरी म्हणाले. दादा खूश — एकेक भाषा परत येतीय म्हणे. आजी म्हणाली, "मराठीची मला घाई न्हाई." आणि लाजली. एक्क्याऐंशीची बाई.

३ मे
आजी गेली. सकाळी मी चहा घेऊन गेले, उठलीच नाही. झोपेत, कुणी जवळ नसताना.
आबांना कसं सांगायचं? छबुबाईला बोलवायला माणूस पाठवला. ती यायच्या आधीच आबांनी बाहेरचं रडणं ऐकलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "तिच्या तोंडात पानी घातलं का?"
मराठीत.
"नाही," मी म्हणाले.
"मला उचला."
चौघांनी खाटेसकट नेलं. डाव्या हातानंच घातलं त्यांनी पाणी.