शोभासाठी शिरा

पूर्णा, मंगळवार संध्याकाळ

दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतल्यापासून शोभा बोलत नाही, रडतही नाही. बाळ गेलं, आता हीसुद्धा हातातून जाते की काय? मला काहीच सुचेना. तिला आवडतो म्हणून आज गुळाचा शिरा करायला घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. रवा भाजतानाही तिचं ते गप्प राहणंच डोक्यात होतं. मी नवरा कशाला, एवढंही जमत नसेल तर?

मागून आवाज आला, "सरका. करपायलंय ते."

तिनं गुळाचं पाणी ओतलं, शिरा हलवला. वाटीतला एक घास खाल्ला आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. रडता रडता तिनं बाळासाठी ठरवलेलं नाव घेतलं. मग मीही घेतलं.