उल्काने कढवलेलं शेवटचं तूप

विश्रांतवाडी, पुणे

ती. मुक्ताईस रंगनाथचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी अजून काम सोडलेलं नाही हे वाचून बरं वाटलं. पुण्यात एवढी निष्ठा आता दुधवाल्यातही उरलेली नाही. माझी प्रकृती कालपर्यंत ठीक होती.

काल उल्काचं वर्षश्राद्ध झालं. आईच्या श्राद्धाला तनया हिंजवडीहून आली. (तुझी भाची हल्ली दूध, दही, तूप काही खात नाही. याला व्हीगन म्हणतात. वासराच्या तोंडचं काढून आपण प्यायचं नाही, हे तिचं म्हणणं. मी ते खोडून काढायला बसलो होतो. पण अहिंसा लहानपणी मीच घोकून घेतली होती, आणि विद्यार्थ्याने धडा खरा मानला तर मास्तराने तक्रार कुणाकडे करावी?) या घरात दुसरंही एक तत्त्व आहे, उल्काचं: अन्न टाकायचं नाही. आणि आजारपणातही साय साठवून तिने कढवलेलं शेवटचं तूप अजून बरणीत आहे. संपू नये म्हणून मी ते थेंबाथेंबाने घेतो. खवट झालंय. जुनं तूप आयुर्वेदात औषधी मानतात, असं मी तनयाला ऐकवतो. ती म्हणते, "मग डॉक्टरांना दाखवू या की, बाबा."

एरवी रविवारी ती आपला डबा घेऊन येते आणि एका टेबलावर दोन घरं जेवतात. काल डबा नव्हता. गुरुजी जेवून गेल्यावर आम्ही दोघं बसलो. आपल्याकडे भातावर तुपाची अन्नशुद्धी वाढल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत. ते काम कायम उल्काचं. मी माझ्या भातावर थेंब सोडला आणि सवयीने चमचा तनयाच्या पानाकडे नेला. लक्षात येऊन हात मागे घेणार, तोच तिने ताट पुढे केलं.

"अगं, तुझं व्रत?"

"वाढा, बाबा. भात गार होतोय."

शीतही न ठेवता जेवली. मग नळ सोडून कितीतरी वेळ भांडी घासत राहिली; ताटं दोनच होती. ताई, पोरीने मनापासून जपलेलं माझ्यासाठी मोडलं, आणि मी समोर बसून सुखावलो. कुणीतरी आपल्या पंगतीला आहे याचं सुख. आज तिचा फोन आला. येत्या रविवारीही डबा आणणार नाही म्हणते. बरणीत तूप असेपर्यंत ती ते खाणार, आणि टाकणं माझ्याच्याने होणार नाही.

बाकी सर्व क्षेम आहे, असं लिहिण्याची पद्धत आहे.

तुझा,
रंगनाथ

ता. क. रविवारच्या आत ये आणि बरणी घेऊन जा. तूप देवापुढच्या निरांजनात घाल, म्हणजे वाया गेलं असं होणार नाही. तनयाला मात्र संपलं म्हणून सांगेन.

आणखी एक. येशील ती शनिवारी संध्याकाळी ये, सकाळी नको; दुपारच्या भाताला बरणी घरात हवी. शनिवारी दुपारी मी एकटाच जेवतो.