वन्सं, मी बॅले केला

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले खरी, पण सरळ व्हायला वेळ लागला. कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? नव्या चष्म्यातून माणसं ओळखू येतात, की अजून आवाजावरूनच भांडता? आमचं उत्तम चाललंय. तुमचे भाऊही मजेत.

तर बातमी अशी, की या वयात मी बॅले शिकतेय. हसू नका. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत त्यांना मीच उचलते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मध्यंतरी उचलता उचलता आम्ही दोघंही घसरलो. ते कपाटाला टेकून आणि मी त्यांना टेकून, असे शेजारचे शिंपीकाका येईपर्यंत बसून होतो. (लग्नानंतर इतका वेळ एकमेकांजवळ बसल्याचं मला तरी आठवत नाही.) हे मुलाच्या कानावर गेलं. म्हणाला, आई, तुला आता झेपत नाही, बाबांना सेवागृहात ठेवू. मी म्हटलं, झेपत कसं नाही? मांड्यांत जोर नाही एवढंच, तो आणते. सूनबाईने तत्परतेने व्हिडिओ पाठवला. बॅलेच्या धर्तीवरचा घरच्या घरी व्यायाम. उड्या नाहीत, धावणं नाही, नुसता दांडा धरून उभं राहायचं.

दांडा घरात होताच. तुमच्या भावाला धरून चालता यावं म्हणून भिंतीला ठोकून घेतलेला. त्याला त्यांनी अजून बोटही लावलेलं नाही. त्यांची खुर्ची समोर ठेवली आणि सुरुवात केली. व्हिडिओतल्या मुलीच्या अंगावर औषधालाही चरबी नाही. ती सांगते, टाचा जोडा, चवडे बाहेर वळवा आणि हसऱ्या चेहऱ्याने खाली जा. खाली जाणं सोपं असतं, वन्सं. वर येताना जो आवाज झाला तो माझा की गुडघ्यांचा, देव जाणे. मग म्हणे डोक्याला वरून दोरा बांधलाय अशी कल्पना करा. (मला दोऱ्याने काय होणार, दोर लागेल.) तुमच्या भावाकडे आता एकच शब्द उरलाय, "छान". सूप सांडलं, छान. चादर ओली झाली, छान. मी पाय मागे उचलला, त्यावरही छान. कौतुकाने मी हुरळले, पाय आणखी उचलला, आणि दांडा गिलाव्यासकट हातात आला.

मी आडवी. या वेळी "छान" आलं नाही. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, मला वाटलं भिंतीतली भोकं बघून हळहळतोय. नीट पाहिलं तर ते खुर्चीतून पुढे झुकले होते, डावा हात माझ्याकडे करून. मला उचलायला. मी ओरडले, "अहो, बसा! पडाल!" ते बसले आणि रडायला लागले. मग मीही रडले.

असो. व्यायाम चालू आहे. पाऊल जरासं मुरगळलंय, बाकी काळजीचं काही नाही.

तुमची,
भावजय

ता. क. पाऊल नाही, मनगट. मुरगळलं नाही, मोडलंय. डावं आहे म्हणून लिहिता तरी येतंय. शिंपीकाका सकाळ-संध्याकाळ तुमच्या भावाला उचलायला येतात, पण उचलण्याआधी त्यांच्याकडे असं बघत राहतात, जणू मापच घ्यायचंय. शिंपीकाकांचंही वय झालं.

आणखी एक ता. क. सेवागृहात खाट रिकामी झालीय. (कशी रिकामी होते ते विचारू नका.) सोमवारी कळवायचंय. मी गुपचूप जाऊन पाहून आले. तिथल्या दोघीजणी मिळून माणूस उचलतात आणि तो माणूस कण्हतही नाही. मला ते हवंय, वन्सं, पण माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण. तुम्ही फोन करा आणि सांगा, त्याला तिथे ठेवा. मुलाला सांगा, सगळ्यांना सांगा, की हे तुम्ही ठरवलंत. मी तुमच्याशी भांडेन, नाही नाही ते बोलेन, फोन आपटेन. तुम्ही माझं ऐकू नका.