दोन घरांचा निर्देशांक

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

कारण गंभीर आहे. आईच्या गुडघ्यांना आता प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिने माझ्याकडे, तीन महिने दादाकडे, मध्ये चार तास बस, हे बंद. कायमचं एक घर ठरवा म्हणाले. आई २३ तारखेला सांगणार आहे, दादा-वहिनी इकडे येतील तेव्हा.

ती माझ्याकडेच राहणार, यात तिळमात्र शंका नाही. पण दादाला पटायला हवं ना! मी बावीस वर्षं कॉलेजात तुलनात्मक शासन शिकवतोय. देशोदेशींची सरकारं कशी मोजायची ते मला येतं. दोन घरं मोजणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. निकष चार. क्षमता, म्हणजे ठरवलेली कामं होतात का. वैधता, म्हणजे लोकांना सत्ता मनापासून मान्य आहे का. समता, म्हणजे सुखसोयींची वाटणी. आणि समाधान, म्हणजे तक्रारी किती. प्रत्येकी पंचवीस गुण. स्वातंत्र्य हा निकष आधी घेतला होता, मग गाळला. घरात तो प्रश्न येत नाही.

बाथरूममध्ये आईला धरायला स्टीलची दांडी आणली. शनिवारी बसवणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बायकोला निर्देशांक समजावून सांगितला. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, अहो, आधी ती दांडी बसवा. धोरण आणि अंमलबजावणी यांतला फरक तिला कळत नाही. शनिवारी म्हटलंय ना!

शनिवार, ८ फेब्रुवारी

दांडीला ड्रिल मशीन लागतं. शेजाऱ्यांकडे आहे, पण मागायचं म्हणजे परकीय मदत, मग सार्वभौमत्वाचं काय? बायको म्हणाली, मिस्त्री बोलवा. म्हणजे खासगीकरण. तेही तत्त्वात बसत नाही. विषय अभ्यासासाठी पुढे ढकलला.

आईने दारातून डोकावून सांगितलं, राहू दे रे, मी नळ धरून उठते. किती समजूतदार नागरिक!

सोमवार, १० फेब्रुवारी

फ्रिजवर कागद लावला. ‘आईच्या तक्रारी, रोजच्या रोज.’ आजचा आकडा शून्य.

हे आपोआप झालेलं नाही, मी घडवलंय. मागच्या खेपेला ती म्हणाली होती की खोलीच्या खिडकीतून गार वारा येतो. मी म्हटलं, आई, असं येता-जाता सांगू नकोस, लिहून दे, म्हणजे पाठपुरावा करता येईल. तेव्हापासून एकही तक्रार नाही. याला म्हणतात प्रशासकीय सुधारणा.

सध्या दिवसभर शाल पांघरून बसते. तिला शाल आवडते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रश्नावली दिली. दहा प्रश्न, एक ते दहा गुण. आईने चष्मा न लावताच सगळीकडे दहा लिहिले. विचारलं, अगं, प्रश्न तरी वाचलेस का? म्हणाली, तुझे प्रश्न आहेत, चांगलेच असणार.

वैधता: पंचवीस. खरं सांगायचं तर मला भरून आलं.

समताही मोजली. टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात किती वेळ, हे बघायचं होतं. मी वाचत असतो म्हणून आमच्याकडे टीव्ही बंदच असतो. सगळ्यांना सारखाच शून्य वेळ. पूर्ण समता. लेकीला हे सांगायला गेलो तर तिच्या कानात इअरफोन.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज वर्गात कमाल झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, ज्या देशात लोक तक्रारच करत नाहीत, तिथलं सरकार सगळ्यात चांगलं का? मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ही पहिल्या वर्षाची चूक आहे. तक्रार नसते त्याला दोन कारणं असतात. एक तर सगळं ठीक असतं, नाहीतर सांगून उपयोग नाही हे लोकांना कळून चुकलेलं असतं. नुसत्या आकड्यावरून काय ते कळत नाही. माणसांजवळ जाऊन बसावं लागतं.

मुलीने उत्तर शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

घरी येऊन फ्रिजवरचा कागद पाहिला. चौथ्या दिवशीही शून्य. समाधान: पंचवीस!

रविवार, १६ फेब्रुवारी. परतीच्या बसमध्ये

दादाच्या घराची पाहणी करून आलो. काय तो गोंधळ! टीव्ही सुरू, वहिनी स्वयंपाकघरातून ओरडतायत, दादा बाहेरून ओरडतोय. आई असते तेव्हा रिमोट तिच्याच ताब्यात असतो म्हणे, दादाला बातम्यासुद्धा बघू देत नाही. ही उघड हुकूमशाही. समता: पाच.

त्यांच्या बाथरूममध्ये दांडी आहे. आईने सांगितलं त्याच दुपारी दादाने बसवली. तिरकी बसली. आई बोलली, मग काढून परत बसवली. परत तिरकी. त्यावरून आई त्याला अजून सुनावते, असं हसत हसत सांगत होता. लाज वाटायला हवी.

चार वाजता वहिनींचा फोन वाजला. आईचा. रोज चारला येतो म्हणे! मला माहीतच नव्हतं. पंचवीस मिनिटं दोघींचं कडाक्याचं भांडण. माझं कपाट का हलवलंस, कुंड्या उन्हात का ठेवल्यास, आवाज बसलाय तर औषध का घेत नाहीस. वहिनीही सोडतात होय? तुम्ही तिकडे बसून इकडचा कारभार बघू नका, म्हणाल्या. मी मोजल्या. एका फोनमध्ये अकरा तक्रारी. फोन माझ्या घरातून आला होता, पण तक्रारी दादाच्या घराबद्दल, म्हणून त्यांच्या नावावर टाकल्या.

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ गुणगुणत होत्या. ताणामुळे असेल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

निकाल. दादाचं घर ३८. माझं घर ९४. क्षमतेत मी माझेच सहा गुण कापले, दांडीमुळे. स्वतःशी इतकं कठोर कोण होतं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

शेवटी परकीय मदत घेतली. ड्रिल आणलं. एक टाइल तडकली. संक्रमणकाळात असं होतंच. आईने तुकडे उचलले, बोलली काही नाही. दांडी रविवारनंतर.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. मी भिंतीवर तक्ता लावला, वीस मिनिटं बोललो. दादा मान डोलवत होता. आईने शेवटपर्यंत नीट ऐकलं. म्हणाली, अक्षर छान मोठं काढलंयस, मला इथून दिसतंय. मग म्हणाली, मी मोठ्याकडे जाते.

मी ९४ वर बोट ठेवलं. ती म्हणाली, बरोबरच असणार रे, तू शिकलेला. मी विचारलं, इथे काय कमी आहे ते सांग. म्हणाली, काही नाही, खरंच काही नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाली, तिथे मला भांडता येतं. ती माझ्यावर चिडते, मी तिच्यावर चिडते, दिवस कसा जातो कळत नाही. तुझ्याकडे सगळे चांगलं वागतात माझ्याशी. पाहुणीशी वागतात तसं.

वहिनींचे डोळे भरले. लगेच म्हणाल्या, मग ती शाल इथेच राहू द्या, तिकडे खिडक्या लागतात नीट. आई म्हणाली, शाल माझी आहे, तू कोण सांगणार? झालं सुरू.

मला म्हणायचं होतं, आई, नको ना जाऊस. तोंडातून निघालं, नमुना लहान होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी गेली. पद्धतीत कुठेतरी चूक आहे. शोधून काढणार. बहुतेक वैधतेला भार जास्त दिला गेला.

जेवलो नाही. बायको ताट झाकून ठेवून निघून गेली.

आईच्या खोलीत थोडा वेळ बसलो. खिडकीतून खरंच वारा येतो.

रविवार, २ मार्च. दुपारी ४.४०

आज दांडी बसवली. एकट्याने. खिडकीची फट पण बुजवली. दांडी तिरकी बसली. काढली, परत बसवली, तरी तिरकीच. बायकोला बोलावलं. म्हणाली, छान. लेक म्हणाली, मस्त आहे बाबा, आणि इअरफोन घातला.

चार वाजता आईला फोन लावला. एंगेज नव्हता, आता ती आणि वहिनी एकाच घरात ना. सांगितलं, आई, दांडी बसवली गं. म्हणाली, वा. मी म्हटलं, तिरकी बसलीये. म्हणाली, असू दे. मी म्हटलं, अगं, चांगली बोटभर तिरकी आहे, बघवत नाही, टाइलसुद्धा तडकलेलीच आहे, आणि महिना लावला मी एवढ्याला. मी नुसता थांबून राहिलो. मागून दादाचा आवाज आला, काहीतरी मागत होता. आई त्याच्यावर केवढ्याने खेकसली!

मग मला म्हणाली, चांगलीच असेल रे. तू बसवलीस ना.

फ्रिजवरच्या कागदावर आजचा आकडा लिहिला. शून्य.