झोपेवरचा पहारा

१२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून कागद हाती घेतला. तुझ्या भावाने, म्हणजे आमच्या कर्नलसाहेबांनी, माझा जीव नकोसा केलाय.

सैन्यातून निवृत्त झालेली माणसं बाग करतात, पत्ते कुटतात. यांनी स्पा काढला. काढला तर काढला, मीही नोकरी सोडून हाताशी आले. पाहुण्यांनी चपला एका रेषेत लावायच्या, टॉवेलच्या घड्यांची रोज तपासणी, वाफेच्या खोलीतून निघायला उशीर झाला की दारावर थाप. हे सगळं मी पोटात घातलं.

काल मात्र कहर झाला. मसाज झाल्यावर पुरुषमंडळी विश्रांतीच्या खोलीत पडतात, तिथे एका वकीलसाहेबांना गाढ झोप लागली. बाबांनी हाका मारल्या, ते हलले नाहीत. झालं! बाबांनी शिट्टी फुंकली, खोली रिकामी करायचा हुकूम सोडला आणि अंगाला तेल, कमरेला टॉवेल अशी सगळी वरात रस्त्यावर. वकीलसाहेब तर नुसत्या चादरीत. समोरच्या बँकेतला कामधंदा थांबला. विचारलं तर म्हणे, ते बेशुद्ध पडलेत असं वाटलं! मऊ गादी घालायची, दिवा मंद करायचा, आणि माणूस झोपला की गदागदा हलवायचं, हा कुठला धंदा?

मला परगावच्या एका हॉटेलने बोलावलंय. महिनाअखेरीस मी चालले. माझ्यामागे हा स्पा टिकायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तुला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोल.

गुडघ्याला जप, आणि भावावर चिडलीस तरी माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी
ठमी

२० जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग तुझ्या बापाला, बंडूला, फोन करून चांगला फैलावर घेतला. त्याने निमूट ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की ताई, वकील खरंच उठले नसते तर मी काय केलं असतं? मी फोन ठेवला आणि हा कागद घेतला.

तो तुला कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. रागावला तर रागावू दे. तुझी आई गेली तेव्हा तू परीक्षेला परगावी होतीस. त्या आजारपणात तिला झोप म्हणून नव्हती. नर्सने कोमट तेलाने पाठ चोळली तरच जरा डोळा लागायचा. त्या दुपारी ती शांत झोपली. बंडूने स्वतः पडदे ओढले, फोन बंद केला आणि दाराशी उभा राहिला. मी आत जायला निघाले तर मलाही अडवलं, इतक्या दिवसांनी झोपलीये, झोपू दे म्हणाला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती.

उठवलं असतं तरी काही उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. तुझ्या बापाला ते आजवर पटलेलं नाही. तिला ज्याने आराम पडायचा ते त्याला लोकांना द्यायचंय, आणि लोकांना आराम पडला की याचा जीव टांगणीला लागतो. आता काय करावं या माणसाचं?

तू जा नाहीतर राहा. पण त्याला खुळा समजून जाऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद न मागताही आहेतच.

आत्या

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीला सगळं सांगून मोकळी झालीस, याबद्दल तुझं कोर्ट मार्शलच करायला हवं. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी अदबीने बोलत होती. इतकी भीती मला सीमेवरही वाटली नव्हती.

मग एका सकाळी तिने माझी शिट्टी जप्त केली आणि मलाच ड्यूटी लावली. विश्रांतीच्या खोलीत कोपऱ्यात बसायचं, पायात कापडी बूट. बोलायचं नाही, हाक मारायची नाही. झोपलेल्याची छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघायचं. वेगळं काही दिसलं तर तिला बोलवायचं. हे काय काम झालं, अशी मी कुरकुर केली, तर म्हणते की हॉटेलला नकार कळवलाय, आता मी तिचं डोकं खाऊ नये.

वैताग आहे नुसता. एक दुकानदार येतो, तो घोरायला लागला की खिडक्या थरथरतात. दुसरा झोपेत बायकोशी भांडतो आणि हरतो. ते वकीलसाहेब काही झालंच नाही अशा थाटात परत आले आणि पडल्या पडल्या घोरू लागले. मध्येच त्यांचा श्वास अडखळला. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांनी कूस बदलली. असल्या लोकांची राखण करायला मी सैन्यात आयुष्य घालवलं का?

तब्येत सांभाळ आणि रागावत राहा, तेवढाच मला आधार.

तुझा
बंडू

ता. क. ताई, सगळे उठतात गं. कुणी हाक मारत नाही तरी उठतात, चष्मा शोधतात, पाणी मागतात. रोज बघतो, आणि प्रत्येकाच्या वेळी मला रडू येतं.